मार्थाच्या सात पाट्या

लायमन टटलला पाट्या बदलायला मीच शिकवलं. त्यामुळे आधी स्वतःच्या थोबाडीत एक मारून घेते आणि मग सांगायला लागते.

तेव्हा चित्रपट मुके होते. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची आणि ती काय बोलली ते मधे मधे काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत यायचं. त्या पाट्या लिहिणं हा माझा धंदा. १९१२ साली मी हॉलिवूडला आले तेव्हा तिथे स्टुडिओ कमी आणि लिंबाच्या बागा जास्त होत्या. सिनेमावाल्यांना कोणी खोली द्यायचं नाही, म्हणून पहिले तीन महिने मी घरमालकिणीला शाळेत शिकवते म्हणून सांगत होते. एकदा ती माझ्या खोलीत टॉवेल ठेवायला आली आणि टेबलावरचा कागद वाचून गेली. त्यावर लिहिलं होतं, 'नराधमा, माझ्या बाळाला सोड!' दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक व्हरांड्यात होती.

लायमन मला त्याच आठवड्यात भेटला. घोड्यांच्या तबेल्याचा स्टुडिओ केला होता, तिथे तो कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचा. सडपातळ, हसरा, बोलण्यात गोड, आणि खिशात सतत शेंगदाणे. तिथल्या मालकानं एका विधवेची करुण कहाणी काढली होती आणि ती बघून लोक पोट धरून हसले होते. मालक रिळं विहिरीत टाकायला निघाला. मी म्हटलं, दोन दिवस द्या. मी चाळीसच्या चाळीस पाट्या नव्यानं लिहिल्या. विधवा नवऱ्यासाठी रडत होती, ती आता पळून गेलेल्या कोंबडीसाठी रडायला लागली. बाई तीच, अश्रू तेच. लोक पुन्हा हसले, फक्त या वेळी त्यांनी आपल्या शेजाऱ्यांनाही बघायला पाठवलं.

त्या दिवसापासून माझ्याबद्दल 'मेलेला सिनेमा रेनिकबाईकडे न्या' असं सगळीकडे झालं. लायमननं मला विचारलं, हे जमतं कसं? मी शेखी मिरवत सांगितलं, "रडणाऱ्या बाईच्या चेहऱ्याखाली कोणतीही पाटी लाव, खपते." तो शेंगदाणे खायचा थांबला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस हे मनात लिहून ठेवतोय.

चार वर्षांनी आम्ही दोघांनी कंपनी काढली. नाव 'रेनिक-टटल', कारण नाणेफेक मी जिंकले. मी कथा लिहायची, पाट्या लिहायची, सुताराशी आणि नटांशी भांडायची. तो चित्रीकरण करायचा आणि न्यूयॉर्कच्या वितरकांना गुंडाळायचा. लोक विचारायचे, तुमचं लग्न कधी? लग्न असतं तर इतकं पटलं नसतं. तीन वर्षांत आम्ही तीसेक चित्रपट काढले आणि सकाळच्या कॉफीच्या वेळी एकमेकांना खोटं सांगितलं असं एकदाही झालं नाही. निदान मी तरी नाही.

आता माझ्या घरचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गाव पार्लिन, फ्रेस्नोच्या पुढे, मनुक्यांचं गाव. आई मिसूरीच्या डोंगरातली, शाळेची पायरी न चढलेली. वडील गेल्यावर रोज तिला बायबल वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मला कंटाळा यायचा. मग मी आपल्या पदरचं घालायची. एकदा माशाच्या पोटात अडकलेल्या योनाला मी सोबतीला मांजर दिलं. आईनं विणकामावरून मान वर केली नाही. म्हणाली, "गसी, हे देवाचं नाही, हे तुझं."

"तुला कसं गं कळलं?"

"बनवायला लागलीस की तुझा आवाज गोड होतो."

धाकटी नेल माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ती गावातल्या एका मनुकेवाल्या शेठच्या बंगल्यात कामाला होती. मालकिणीचं सोन्याचं घड्याळ हरवलं. ते शेठच्या पोरानं पत्त्यांत घालवलं होतं. नेलनं त्याच्या हातात पाहिलंही होतं. पण शेठच्या पोराचा शब्द आणि मोलकरणीचा शब्द, कोर्टात कुठला मानला जाणार? नेल सहा महिने तुरुंगात राहून आली. आईनं दार उघडलं आणि म्हणाली, "कबूल कर, मी माफ करते." नेल म्हणाली, "मी घेतलंच नाही, तर कबूल काय करू?" बस्स. त्यानंतर नऊ वर्षं त्या दोघी एका छपराखाली राहिल्या. आई तिला जेवू घालायची, आजारपणात उशाशी बसायची, पण जवळ कधी घेतलं नाही. दोघी सारख्याच हट्टी. मी महिन्याला पत्र पाठवून मोकळी व्हायची.

१९१९ साली मी नेलला विचारलं, तुझी गोष्ट लिहू का? नावं बदलून. ती कपडे पिळत होती. बराच वेळ पिळतच राहिली.

"लिही," ती म्हणाली. "एकच अट. पोरीनं चोरी केली नाही, हे पाटीवर स्वच्छ यायला हवं. आईचा माझ्यावर विश्वास नाही. पण छापलेल्यावर आहे. छापलेलं म्हणजे तिला सगळं बायबलच वाटतं."

"येईल. माझा शब्द."

"तुझा शब्द नको सांगूस. पाटी दाखव."

मी जीव ओतून लिहिलं. चित्रपटाचं नाव 'मार्थाचे सहा महिने'. मार्था कोण, हे फक्त लायमनला सांगितलं. त्यानं ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते आठवलं की मला अजून संताप येतो. मी म्हटलं, "न्यूयॉर्कवाले काय वाटेल ते म्हणोत, या पाट्यांना हात लावायचा नाही." त्यानं कॅमेऱ्यावर हात ठेवला. "माझे हात झडतील, गसी." चित्रीकरण संपलं, पाट्या मी स्वतः अक्षरं रंगवायला रंगाऱ्याकडे दिल्या आणि पुढच्या चित्रपटासाठी लायमननं मला वाळवंटात धाडलं. आमच्या धंद्यात लिहिणारीचं काम पाट्या हातावेगळ्या केल्या की संपतं. शेवटची प्रत लिहिणारी बघते कुठे? मीही पाहिली नाही. उलट मी त्याला तार केली की पहिल्या प्रतींतली एक पार्लिनला पाठव. त्यानं पाठवली.

शनिवारी दुपारचा खेळ. आईनं चर्चची टोपी घातली होती. सिनेमाला ती पहिल्यांदाच येत होती. सिनेमा म्हणजे तिच्या लेखी अंधारात बसून परक्यांची भांडणं बघणं. पण पोरीचं नाव पडद्यावर येणार म्हटल्यावर आली. आई मधे, नेल तिच्या डावीकडे, मी उजवीकडे. पार्लिनच्या थिएटरात कोणी गप्प बसत नाही. द्राक्षं तोडायला आलेले आर्मेनियन, इटालियन, स्वीडिश, वाचता न येणारे म्हातारे, सगळ्यांना शेजारचं कोणीतरी पाट्या मोठ्यानं वाचून दाखवतं. प्रत्येक पाटीला सगळं थिएटर प्राथमिक शाळेसारखं घुमतं.

"तू वाच," नेल मला म्हणाली. "तुझं आहे." तिनं निळा झगा घातला होता, आणि ती इतकी ताठ बसली होती की पाठ खुर्चीला लागत नव्हती.

पहिली पाटी आली. 'कथा आणि पाट्या : ऑगस्टा रेनिक.' ऑगस्टा म्हणजे मी, घरची गसी. मी वाचली. आईनं विचारलं, "हे छापलंय?" मी म्हटलं, छापलंय. तिनं टोपी नीट केली.

निम्मा चित्रपट माझाच होता. बंगला, मालकीण, घड्याळ, पोराची वाईट नजर. आई मान हलवत होती. मग मार्था एकटी खोलीत येते, टेबलावर घड्याळ दिसतं, ती ते उचलून बघते आणि परत ठेवते. ठेवताना मी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर ठेवायला लावला होता. माझी पाटी होती, 'एवढ्याशा काट्यांना किती लोक भितात!' पडद्यावर आलं, 'हे माझं असतं तर!'

मला वाटलं रंगाऱ्यानं घोळ घातला. पुढची पाटी आली. 'मोह अनावर झाला.' ही माझी नव्हतीच. थिएटर घुमलं, मोह अनावर झाला, मोह अनावर झाला, तीन भाषांत. मी लायमनचा हात ओळखला. माझीच विद्या, जशी शिकवली तशी.

आईनं कोपरानं ढोसलं. "काय लिहिलंय?"

मी काय करायला हवं होतं, हे मला आज विचारा, मी दहा उत्तरं देईन. तेव्हा एकच सुचलं. मी माझी पाटी वाचली. पाठच होती. "मार्था घड्याळ जागेवर ठेवून आपल्या कामाला लागली."

त्यानंतर पडद्यावर एक आणि माझ्या तोंडात दुसरं. कोर्ट आलं. मार्था गुडघ्यावर कोसळून रडते. पाटी होती, 'होय, मीच घेतलं. मला क्षमा करा!' मी वाचलं, "देवाची शपथ, मी ते घेतलं नाही!" आईच्या पलीकडून नेल माझ्याकडे बघत होती. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा पांढराफटक. तिला वाचता येत होतं.

मागच्या रांगेत मिसेस ऑग्डेन बसल्या होत्या, चर्चमध्ये आईच्या शेजारी बसणाऱ्या. मनानं चांगल्या आणि जगातल्या प्रत्येक चुकीचा त्यांना त्रास. त्या पुढे वाकल्या. "अगं गसी, चुकीचं वाचतेयस. 'होय, मीच घेतलं' असं लिहिलंय. चष्मा लागला की काय तुला?"

आई वळली. "परत सांगा, ऑग्डेनबाई."

"तिनं कबूल केलं हो. 'मीच घेतलं, मला क्षमा करा.' एवढी मोठाली अक्षरं आहेत."

आई माझ्याकडे वळली. "गसी, असं लिहिलंय?"

"नाही, आई. त्यांना नीट दिसत नाही. लिहिलंय की—"

"पुरे," आई म्हणाली. "तुझा आवाज गोड झालाय."

पुढचं मी वाचलं नाही. ऑग्डेनबाई वाचत राहिल्या, आईच्या कानाशी, मदत म्हणून. शेठच्या पोरानं मार्थाला माफ केलं. माझ्या कथेत तो शरमेनं मान खाली घालून उभा होता. तेच दृश्य, फक्त आता पाटी म्हणत होती, 'प्रेम चुका मोजत नाही.' मग लग्न. आमच्याच एका जुन्या चित्रपटातलं लग्न कापून चिकटवलं होतं, बाई पाठमोरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑग्डेनबाईंनी डोळे पुसले.

बाहेर पायऱ्यांवर लख्ख ऊन होतं. लोक आमच्या बाजूनं जात होते, कोणी माझं अभिनंदन करत होतं. आई तिसऱ्या पायरीवर थांबली आणि नेलला म्हणाली, "तुझ्या सख्ख्या बहिणीनं हे छापून दिलं. जगाला खरं सांगितलं आणि मला मात्र वाचून दुसरंच दाखवलं. का गं?"

"आई, ऐक," मी म्हटलं, "पाट्या बदलल्यात. माझ्या पार्टनरनं. मी लिहिलेल्या या नव्हेतच."

"तुझं नाव होतं ना त्यावर? तूच वाचलंस."

नेल रस्त्याकडे बघत होती. मग तिनं आईकडे पाहिलं. "तुला वाईट वाटू नये म्हणून तिनं तसं वाचलं," ती सावकाश म्हणाली. "मी घेतलं होतं, आई."

"नेल!" मी ओरडले.

आईनं मला हातानं बाजूला सारलं, एखादी खुर्ची सारावी तसं. तिनं नेलचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "नऊ वर्षं लागली तुला, वेडे," ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत रडायला लागली. मी आईला रडताना वडिलांच्या वेळीही पाहिलं नव्हतं. नेल तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. तिचे डोळे कोरडे होते, पण तिनं डोकं काढलं नाही.

मी तडक स्टेशनवर गेले आणि लॉस एंजेलिसला फोन जोडून मागितला. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मी लायमनला द्यायच्या शिव्या तयार केल्या, एकेक पाटीसारखी घासूनपुसून.

"गसी! पाहिलास का? कसा वाटला?"

"पाट्या कुणी बदलल्या?"

"हां, ते सांगणारच होतो. न्यूयॉर्कवाले अडून बसले. शेठचा मुलगा चोर, हे त्यांच्या गळी उतरेना. घेतच नव्हते चित्रपट. सात पाट्या, गसी, फक्त सात! एक दृश्य कापलं नाही मी. तुझं काम इतकं सरस आहे की—"

"तू शब्द दिला होतास. तिच्याबद्दल तुला, एकट्या तुला, सांगितलं होतं मी."

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून सांगितलं नाहीस?"

"अगं, तूच म्हणायचीस ना, रडणाऱ्या बाईच्या चेहऱ्याखाली—"

"पार्लिनला का पाठवलास मग? निदान पार्लिनला?"

तारेत खरखर ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "बाप रे. तुझी आई. डोक्यातूनच गेलं बघ." आणि त्याच्या आवाजावरून मला कळलं की तो खोटं बोलत नाहीये. सात पाट्या बसवताना त्याला नेल आठवली नव्हती, आई आठवली नव्हती. दुष्टपणानं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तयार केलेली एकही शिवी मी दिली नाही. म्हटलं, कंपनीच्या नावातलं माझं नाव काढून टाक. तो म्हणाला, सोमवारी बोलू, तू दमलीयस. मी फोन ठेवला. पुढे त्यानं नाव काढलं, पण चित्रपटावरचं ठेवलं. लोकांना तो फार आवडला होता.

घरी आले तेव्हा नेल स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. आई मागे कोंबड्यांकडे होती आणि चक्क गुणगुणत होती.

"का केलंस?" मी दबक्या आवाजात विचारलं. "नऊ वर्षं धरून ठेवलंस आणि आज सोडलंस? मी सगळ्या गावाला सांगेन. वर्तमानपत्रात छापीन."

"परत छापणार?" नेल म्हणाली.

मी खुर्चीवर बसले.

"तू जे होतं ते वाचलं असतंस ना गसी, तर मी तिथल्या तिथे म्हटलं असतं, आई, सिनेमावाल्यांनी खोटं लिहिलंय. भांडले असते मी. मला सवय आहे. पण तू लपवलंस. लपवल्यावर कोण म्हणेल की पाटी खोटी?" ती सालं गोळा करत होती. "मी एकच मागितलं होतं तुझ्याकडे."

"मला माहीत नव्हतं गं. लायमननं मला फसवलं."

"तुला त्यानं फसवलं. मला तू." ती रागानं बोलली नाही, भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. "आता काही करू नकोस. तिनं मला जवळ घेतलंय. मी चोर तर चोर. थकले मी. आता जर तू तिला पटवून दिलंस की मी आज खोटं बोलले, तर मी तिच्या लेखी खोटारडीही होईन. कळतंय का तुला?"

मला कळत होतं. म्हणूनच मला ते सहन होत नव्हतं. मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. तिच्या खरेपणासाठी मी वर्षभर राबले होते आणि तिनं तो एका मिठीवर सोडून दिला, असं मला वाटलं; आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, मला कोण विचारतंय? सहा महिने तुरुंगात मी नव्हते.

उजेड असतानाच आम्ही जेवायला बसलो. बटाटे, डुकराचं खारवलेलं मांस, मक्याचा पाव. आईनं नेलची खुर्ची आपल्या शेजारी ओढून घेतली. मग डोळे मिटले आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. अन्नाबद्दल देवाचे आभार मानले, पिकाबद्दल मानले. एरवी ती इथे थांबते. आज थांबली नाही.

"आणि प्रभू," ती म्हणाली, "माझ्या नेलला खरं बोलायचं बळ दिलंस, तुझे उपकार मी विसरणार नाही. आता माझ्या गसीकडे बघ. तिचं मन वाईट नाही, पण तिला लहानपणापासून खोट्याची खोड आहे. तिला खरं बोलायला शिकव."

"आमेन," नेल म्हणाली.

आई डोळे मिटून थांबली होती. आमच्या घरात सगळ्यांचं आमेन झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. पलीकडून नेल डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलले, आवाज न करता. ते वाचायला मला कोणतीही पाटी लागली नाही. 'म्हण,' ती सांगत होती. 'म्हण ना.'

"आमेन," मी म्हटलं, आणि आईनं पहिला बटाटा नेलच्या ताटात वाढला.